तांत्रिक लिफाफ्यातच निविदा बाद होते तेव्हा: लघुउद्योजकाने काय तपासावे आणि दाद कुठे मागावी

सोलापुरात अक्कलकोट रोड, होटगी रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत टॉवेल, चादरी, गणवेश, रुग्णालयाचे कापड असा माल तयार करणाऱ्या छोट्या कारखानदारांकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. निविदा वेळेत भरली, दरही कमी होता, परंतु तो दर कोणी पाहिलाच नाही, कारण लिफाफा क्रमांक एकच्या, म्हणजे तांत्रिक कागदपत्रांच्या, छाननीत निविदा अपात्र ठरली आणि पोर्टलवर नावासमोर दोन-चार शब्दांचा शेरा उमटला. त्यानंतरचा क्रमही ठरलेला असतो. उद्योजक आधी कार्यालयात जाऊन तोंडी विचारणा करतो, मग ओळखीच्या लोकप्रतिनिधीला भेटतो, मग माहिती अधिकाराचा अर्ज टाकतो, आणि वकिलाकडे पोहोचेपर्यंत कार्यारंभ आदेश निघालेला असतो. अपात्र ठरवणे चूक होते की बरोबर, याला तोवर फारसा अर्थ उरलेला नसतो.

माझे मत असे की यातील बहुतेक प्रकरणे न्यायालयात जाण्यापूर्वीच, छाननीचा निकाल लागल्यापासून दराचा आर्थिक लिफाफा (क्रमांक दोन) उघडेपर्यंतच्या मोजक्या दिवसांत हातची जातात. त्या दिवसांत काय तपासायचे, काय लिहायचे आणि कोणत्या दारात जाण्यात अर्थ नाही, याची मांडणी येथे केली आहे. ती मुख्यतः वस्तू आणि सेवांच्या निविदांना धरून आहे.

उद्यम प्रमाणपत्र जोडले होते, तरी बयाणा रक्कम नाही म्हणून बाद केले

ही तक्रार सर्वाधिक वेळा येते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करणे योग्य. उद्यम प्रमाणपत्र म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचा दाखला. पहिला प्रश्न असा विचारावा की खरेदी करणारे कार्यालय केंद्राचे आहे की राज्याचे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, 2006 च्या कलम 11 खाली केंद्र सरकारने मार्च 2012 मध्ये सूक्ष्म व लघु उपक्रमांसाठी सार्वजनिक खरेदी धोरणाचा आदेश काढला. निविदा संच विनामूल्य देणे, बयाणा रकमेतून म्हणजेच निविदेसोबत भरायच्या अनामतीतून (ईएमडी) सूट देणे, तसेच सर्वांत कमी दरापेक्षा 15 टक्क्यांपर्यंत अधिक दर असलेल्या लघुउद्योगाला त्या कमी दरावर येऊन काही भाग पुरवण्याची संधी देणे, या सवलती त्या आदेशातून येतात. वार्षिक खरेदीतील सूक्ष्म व लघु उपक्रमांचा वाटा आधी 20 टक्के होता, तो 1 एप्रिल 2019 पासून 25 टक्के झाला. परंतु हा आदेश केंद्रीय मंत्रालये, त्यांचे विभाग आणि केंद्रीय सार्वजनिक उपक्रम यांना लागू आहे. सोलापुरात त्याचा अर्थ असा की मध्य रेल्वेचा सोलापूर विभाग किंवा एनटीपीसीचा प्रकल्प यांच्या निविदेत ही सूट हक्काने मागता येते. महापालिका, जिल्हा परिषद, विद्यापीठ किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्या निविदेत केवळ या केंद्रीय आदेशाच्या आधारावर ती मागता येत नाही.

राज्याच्या कार्यालयांसाठी उद्योग विभागाच्या 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाने लागू झालेली खरेदीची सुधारित नियमपुस्तिका आणि तिच्यातील नंतरचे बदल पाहावे लागतात, आणि त्यातील सवलत प्रत्यक्ष निविदेच्या अटींमध्ये कोणत्या शब्दांत उतरली आहे हे त्याहून महत्त्वाचे ठरते. निविदेत सूट दिली नसेल, किंवा विशिष्ट प्रमाणपत्राच्या अटीवरच दिली असेल, तर उद्यम प्रमाणपत्र जोडून आणि रक्कम न भरता निविदा दाखल करणे म्हणजे अपात्रता स्वतःहून ओढवून घेणे होय. अशा वेळी सरळ मार्ग एकच आहे: निविदा भरण्याआधी शंकानिरसनासाठी होणाऱ्या प्री-बिड बैठकीपूर्वी लेखी प्रश्न विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत किंवा न मिळाल्यास रक्कम भरून टाकावी. ती परत मिळते. गेलेली संधी परत मिळत नाही.

खरेदीदार केंद्राचा असला तरी तीन ठिकाणी सूट अडते. पहिले म्हणजे व्यापार. जुलै 2021 पासून किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळू लागली, परंतु ती प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरतीच. खरेदी धोरणाचा लाभ त्यांना नाही. त्यामुळे चाटी गल्लीच्या कापडबाजारातून माल उचलून पुरवणाऱ्याचे आणि स्वतःच्या यंत्रमागावर तो विणणाऱ्याचे प्रमाणपत्र दिसायला सारखे असले तरी परिणाम वेगळा होतो. दुसरे म्हणजे प्रमाणपत्रावरील एनआयसी संकेतांक, म्हणजे व्यवसायाचा प्रकार दाखवणारा क्रमांक. टॉवेल विणण्याची नोंद असताना तयार गणवेशाच्या निविदेत सूट मागितली, तर छाननी समितीला बोट ठेवायला जागा मिळते, आणि ती जागा उद्यम पोर्टलवर नोंद अद्ययावत करून आधीच बुजवता येते. तिसरे म्हणजे वर्ग. 1 एप्रिल 2025 पासून लघु उपक्रमाची मर्यादा गुंतवणुकीसाठी 25 कोटी आणि उलाढालीसाठी 100 कोटी रुपये झाली आहे. त्याच्या वर गेलेला मध्यम उपक्रम या धोरणाच्या कक्षेत येत नाही. बांधकामाच्या कंत्राटांनाही हे धोरण लागू होत नाही, ही बाब अनेक छोटे ठेकेदार फार उशिरा समजून घेतात. आणि एखाद्याने अजूनही जुने उद्योग आधारच जोडले असेल, तर ते 30 जून 2022 नंतर ग्राह्य राहिलेले नाही.

कारण नेमके कोणत्या प्रकारचे आहे

पोर्टलवरचा शेरा बहुधा मोघम असतो: «कागदपत्रे अपूर्ण», «अनुभव नाही», «अटींची पूर्तता नाही». त्यावर वाद घालण्यापूर्वी निविदेचे मूळ दस्तऐवज, सर्व शुद्धिपत्रके आणि आपण अपलोड केलेली फाईल शेजारी ठेवून स्वतःच्या प्रकरणाचा प्रकार ओळखावा, कारण उपाय त्यावर अवलंबून आहे.

मागितलेले कागदपत्र खरोखरच जोडलेले नसेल आणि निविदेत ते अनिवार्य म्हटले असेल, तर कायदेशीर बाजू कमकुवत आहे हे मान्य करून पुढे जावे. सेंट्रल कोलफिल्ड्स विरुद्ध एसएलएल-एसएमएल या 2016 च्या निकालात ठरवून दिलेल्या नमुन्यात बँक हमी न दिल्यामुळे निविदा नाकारण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला, आणि कोणती अट अत्यावश्यक मानायची हे निविदा काढणाऱ्याने ठरवायचे असते, असे सांगितले. निविदाकारांच्या बाजूने 1991 चा पोद्दार स्टील विरुद्ध गणेश इंजिनिअरिंग वर्क्स हा निकाल नेहमी पुढे केला जातो. त्यात स्टेट बँकेच्या धनाकर्षाऐवजी युनियन बँकेने प्रमाणित केलेला धनादेश बयाणा म्हणून दिला होता आणि ही किरकोळ चूक आहे असे मानले गेले. परंतु त्या प्रकरणात निविदा काढणाऱ्या प्राधिकरणानेच ती चूक माफ केली होती आणि न्यायालयाने त्याचा तो अधिकार मान्य केला होता. किरकोळ चूक माफ करण्याची मुभा प्राधिकरणाला आहे. ती माफ झालीच पाहिजे असा हक्क निविदाकाराला त्यातून आपोआप मिळत नाही. या फरकाकडे दुर्लक्ष करून काढलेल्या नोटिशींचा उपयोग झालेला मी पाहिलेला नाही.

कागदपत्र जोडलेले आहे पण त्यात उणीव आहे, हा प्रकार अधिक आशादायक आहे. पुरवठा आदेश जोडला पण तो पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र राहिले, उलाढालीचे सी.ए. प्रमाणपत्र जोडले पण त्यावर यूडीआयएन (सनदी लेखापालाच्या प्रत्येक प्रमाणपत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक) नाही, पॅन किंवा जीएसटी नोंदणीची प्रत सुटली, अशी ही उदाहरणे. केंद्र सरकारच्या वस्तू खरेदीच्या नियमावलीत यासाठी नेमका आधार आहे: निविदा उघडताना आधीपासून अस्तित्वात असलेले आणि नंतर न बदललेले कागदपत्र राहिले असेल तर ते मागवता येते, जोडलेल्या पुरवठा आदेशाचे पूर्तता प्रमाणपत्र मागवता येते, परंतु त्या निमित्ताने नवा पुरवठा आदेश पुढे करता येत नाही. राज्याच्या कार्यालयावर ही नियमावली थेट बंधनकारक नाही. तरीही निविदेत «त्रुटीपूर्ततेची संधी देण्याचा अधिकार राखून ठेवला आहे» असे कलम असेल, तर त्याच निविदेत दुसऱ्या कोणाला अशी संधी दिली गेली का, हे अवश्य पाहावे. एकाला त्रुटीचे पत्र पाठवले आणि दुसऱ्याला थेट बाद केले, हा मुद्दा कोणत्याही सहानुभूतीच्या विनंतीपेक्षा भक्कम आहे. यूडीआयएनच्या बाबतीत मात्र तारखेकडे लक्ष द्यावे. निविदेची मुदत संपल्यानंतर तयार केलेला क्रमांक आणून दाखवणे म्हणजे आधीचे प्रमाणपत्र अपुरे होते हे स्वतःच कबूल करणे.

निविदेत न मागितलेल्या कागदपत्रासाठी बाद केले असेल, तर प्रकरण सर्वांत बळकट समजावे. 2025 मध्ये महा मिनरल मायनिंग अँड बेनिफिकेशन विरुद्ध मध्य प्रदेश पॉवर जनरेटिंग कंपनी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व स्पष्ट केले: जे कागदपत्र निविदेने मागितलेच नव्हते, ते दिले नाही म्हणून निविदाकाराला अपात्र ठरवता येत नाही. छोट्या खरेदीत हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त आढळतो, कारण छाननीची तपासणी सूची अनेकदा मागच्या निविदेवरून उचललेली असते आणि यंदाच्या अटींशी ती कोणी ताडून पाहत नाही.

चौथा प्रकार दुजाभावाचा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये बन्शीधर कन्स्ट्रक्शन विरुद्ध भारत कोकिंग कोल या निकालात एका निविदाकाराला क्षुल्लक कारणाने बाहेर ठेवून, आवश्यक कागदपत्रे नसलेल्या दुसऱ्याला पात्र ठरवण्याची कृती मनमानी आणि भेदभावाची ठरवली. अशा प्रकरणात स्वतःची निविदा किती चांगली होती हे सांगण्यात पाने घालवू नयेत. पात्र ठरलेल्या स्पर्धकाच्या फाईलमध्ये काय नव्हते, हे दाखवावे. छाननीनंतर पोर्टलवर इतर निविदाकारांची कागदपत्रे पाहण्याची सोय खुली असेल तर ती त्याच दिवशी उतरवून घ्यावीत आणि पडद्यावरील तारीख-वेळेसह त्यांच्या प्रतिमा जतन कराव्यात.

एक प्रकार तांत्रिक बिघाडाचा आहे आणि त्यावर जास्त लिहिण्यासारखे नाही. महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर वेळ सर्व्हरची धरली जाते, आपल्या संगणकाची नाही. बीओक्यूच्या, म्हणजे दर भरण्याच्या, एक्सेल फाईलचे नाव किंवा रचना बदलू नये. शुद्धिपत्रकाने बीओक्यू बदलला असेल तर नवीच फाईल भरावी. डीएससीची म्हणजे डिजिटल स्वाक्षरीची मुदत आठवडाभर आधी तपासावी. शेवटच्या तासात पोर्टल चालले नाही, या कारणावर दिलासा मिळवणे फार कठीण आहे. तरीही तसे झालेच, तर त्रुटीच्या संदेशाची प्रतिमा आणि मदतकक्षाला त्याच वेळी पाठवलेला ई-मेल एवढाच पुरावा उपयोगी पडतो.

अटच अन्यायाची होती

पाच वर्षांचा अनुभव, याच जिल्ह्यात पुरवठा केल्याची सक्ती, मालाच्या किमतीच्या मानाने अवाढव्य उलाढाल, अशा अटींमुळे बाद झालेला उद्योजक छाननीनंतर अटीवर टीका करू लागतो. तोपर्यंत उशीर झालेला असतो, कारण अटी मान्य करून स्पर्धेत उतरलेल्याला, निकाल विरुद्ध गेल्यावर त्याच अटींना आव्हान देता येत नाही, ही न्यायालयांची पक्की भूमिका आहे. निविदा भरताना अपलोड केलेले «सर्व अटी मान्य आहेत» हे प्रतिज्ञापत्र त्या वेळी आपल्याच विरुद्ध वाचून दाखवले जाते.

अटीला आव्हान द्यायचे तर निविदा भरण्याची मुदत संपण्यापूर्वी द्यावे. तशा आव्हानाला न्यायालयात जागा आहे. छत्तीसगडमध्ये शाळांच्या क्रीडा साहित्याच्या निविदेत त्याच राज्याच्या शासकीय संस्थांना आधी काही कोटींचा पुरवठा केलेला असण्याची अट होती. ऑक्टोबर 2025 मध्ये विनिष्मा टेक्नॉलॉजीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती समान संधीच्या विरुद्ध म्हणून रद्द केली. गणवेश आणि शालेय साहित्य पुरवणाऱ्या सोलापूरच्या कारखानदारांनी हा निकाल वकिलाकडून नीट समजून घ्यावा, कारण परराज्यांच्या निविदा भरताना अशी अट वारंवार आडवी येते. अनुभव आणि उलाढालीच्या अटी लघुउद्योगांसाठी शिथिल करण्याच्या केंद्राच्या 2016 पासूनच्या सूचना मात्र ऐच्छिक स्वरूपाच्या आहेत. गुणवत्तेच्या आणि तांत्रिक निकषांच्या अधीन राहून खरेदीदाराने तसे ठरवायचे असते. निविदेत शिथिलता दिलेली असूनही ती नाकारली तर भांडता येते, मुळात दिलीच नसेल तर केवळ सूचनेच्या बळावर फारसे काही साधत नाही.

आक्षेपपत्र: केव्हा, कोणाला आणि किती

जेम या केंद्राच्या सरकारी खरेदी पोर्टलवर तांत्रिक मूल्यमापनाचा निकाल लागल्यानंतर अपात्रतेवर आक्षेप नोंदवण्यासाठी 48 तास मिळतात. शनिवारी सायंकाळी निकाल लागला तरी तास मोजले जातातच, म्हणून निविदा भरल्यावर ई-मेल आणि पोर्टलवरील सूचना रोज पाहण्याचे काम कारखान्यातील एखाद्या व्यक्तीवर नावानिशी सोपवावे. महाटेंडर्सवरील निविदांमध्ये आक्षेपाची मुदत त्या त्या निविदेच्या अटींत दिलेली असेल ती. दिलेली नसेल तर आर्थिक लिफाफा उघडण्याची तारीख हीच आपली मुदत समजावी आणि शक्य तो निकालाच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी पत्र द्यावे.

पत्र निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्याला उद्देशून असावे, प्रत त्याच्या वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याला द्यावी, आवक-जावक कक्षाची पोच घ्यावी आणि तेच पत्र अधिकृत ई-मेलवरही पाठवावे. मजकूर एका पानाच्या पुढे जाऊ नये. नमुना असा:

«निविदा क्रमांक अमुक. दिनांक अमुकच्या तांत्रिक छाननीत आमची निविदा "सी.ए. प्रमाणपत्र नाही" या कारणावरून अपात्र दर्शविली आहे. निविदेच्या कलम अमुकनुसार मागील तीन आर्थिक वर्षांच्या उलाढालीचे सनदी लेखापालांचे प्रमाणपत्र मागितले होते. ते आम्ही अपलोड केलेल्या फाईलच्या पृष्ठ अमुकवर असून त्यावर यूडीआयएन नमूद आहे. प्रत सोबत जोडली आहे. सबब सदर निर्णयाचा पुनर्विचार करावा आणि तोपर्यंत लिफाफा क्रमांक दोन उघडू नये. पुनर्विचार शक्य नसल्यास, ज्या कलमाच्या आधारे अपात्र ठरविले त्या कलमासह कारण लेखी कळवावे.»

शेवटचे वाक्य औपचारिकता म्हणून लिहू नये. केंद्राच्या खरेदीत सामान्य वित्तीय नियम, 2017 मधील नियम 173 निविदाकाराला अटी, प्रक्रिया आणि आपली निविदा नाकारणे यांवर प्रश्न विचारण्याची सोय असावी असे सांगतो, आणि विचारणा झाल्यास नाकारण्याचे कारण उघड करावे लागते. राज्याच्या कार्यालयापुढे संविधानाच्या अनुच्छेद 14 चा, म्हणजे समानतेच्या हक्काचा, आधार पुरेसा आहे. कारण एकदा लेखी आले की कार्यालय त्याला बांधले जाते: मोहिंदर सिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये सांगितले की आदेशाची वैधता त्यात नमूद कारणांवरच ठरते, नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे जोडून तो उभा करता येत नाही. म्हणूनच तोंडी खुलाशावर समाधान मानू नये. साहेब केबिनमध्ये चहा पाजून जे कारण सांगतात, ते बहुधा न्यायालयात येणारे कारण नसते.

पत्रात भ्रष्टाचाराचा आरोप करण्याचा मोह आवरावा. संशय खरा असेलही. परंतु पुराव्याविना केलेल्या आरोपाने पृष्ठ क्रमांकाचा साधा, सिद्ध करता येणारा मुद्दा झाकोळला जातो, आणि पुनर्विचार करू इच्छिणारा अधिकारीही बचावाच्या पवित्र्यात जातो.

या दारांवर वेळ घालवू नये

सूक्ष्म व लघु उपक्रम सुलभीकरण परिषद आणि समाधान पोर्टल ही व्यवस्था पुरवलेल्या मालाच्या थकलेल्या पैशांसाठी आहे. निविदेतील अपात्रता तिच्या अधिकारात येत नाही. केंद्राचे चॅम्पियन्स पोर्टल किंवा राज्याचे आपले सरकार पोर्टल येथे तक्रार नोंदवता येते आणि एखादे कार्यालय त्यामुळे जागेही होते, परंतु तेथून प्रक्रिया थांबत नाही. लोकायुक्तांकडे केलेल्या तक्रारीचेही तसेच. माहिती अधिकारात उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते, शिवाय स्पर्धकाच्या कागदपत्रांसाठी व्यावसायिक गोपनीयतेचे कलम पुढे केले जाते. अर्ज अवश्य करावा, पण त्याच्या उत्तराची वाट पाहत बसू नये.

दिवाणी दाव्याचीही अडचण आहे. शासनाविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची आणि महापालिकेविरुद्ध महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 487 ची एक महिन्याची पूर्वसूचना सामान्यतः द्यावी लागते, आणि एवढ्या काळात पुरवठा सुरूही झालेला असतो. तमिळनाडूने 1998 मध्ये, कर्नाटकाने 1999 मध्ये आणि राजस्थानने 2012 मध्ये सार्वजनिक खरेदीचे स्वतंत्र कायदे केले व त्यात अपिलाची तरतूद ठेवली. महाराष्ट्रात तसा कायदा नाही. अक्कलकोटच्या पलीकडे कलबुर्गीला निविदा भरणाऱ्या आपल्याकडच्या पुरवठादाराला तेथे जे अपील उपलब्ध आहे, ते सोलापूरच्या निविदेत नाही. त्यामुळे येथे उच्च न्यायालयातील रिट याचिका हाच व्यवहारात उरणारा उपाय ठरतो.

रिट याचिका: काय मिळते, काय मिळत नाही

सोलापूरच्या दृष्टीने मोठा बदल 18 ऑगस्ट 2025 रोजी झाला. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच त्या दिवसापासून सुरू झाले आणि कोल्हापूर, सातारा, सांगली, रत्नागिरी व सिंधुदुर्ग यांच्यासह सोलापूर जिल्ह्यातील प्रकरणे तेथे जाऊ लागली. पूर्वी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने कागदांची पिशवी घेऊन मुंबई गाठावी लागे आणि छोट्या निविदेच्या मानाने तो खर्च अनेकांना परवडत नसे. कोल्हापूर काही शेजारचे गाव नाही, पण तातडीच्या प्रकरणात वकील गाठणे, शपथपत्र करणे आणि त्याच आठवड्यात प्रकरण पुढे आणणे आता तुलनेने शक्य झाले आहे. खरेदी करणाऱ्या केंद्रीय उपक्रमाचे निविदा कार्यालय दुसऱ्या राज्यात असेल आणि निविदेत तेथील न्यायालयाचे कलम असेल, तर कोठे दाखल करायचे हे आधी ठरवून घ्यावे.

न्यायालय काय तपासते हे समजल्याशिवाय तेथे जाण्यात अर्थ नाही. टाटा सेल्युलर या 1994 च्या निकालापासून भूमिका अशी आहे की न्यायालय निर्णयाची प्रक्रिया पाहते, निर्णयावर अपील ऐकत नाही. जगदीश मंडल प्रकरणातील 2006 च्या निकालाने दोन कसोट्या दिल्या: प्रक्रिया किंवा निर्णय दुष्ट हेतूचा, पक्षपाती, अथवा कोणत्याही समंजस प्राधिकरणाने घेतला नसता इतका मनमानी आहे का, आणि त्याने सार्वजनिक हिताला बाधा येते का. नागपूर मेट्रोच्या निविदेवरून झालेल्या ॲफकॉन्स प्रकरणात 2016 मध्ये असेही सांगितले गेले की निविदेतील अटींचा अर्थ लावण्यास ती तयार करणारेच अधिक योग्य असतात. म्हणून «आमच्या मते या कलमाचा अर्थ असा होतो» हा युक्तिवाद सहसा टिकत नाही, तर «हे कलम निविदेत नाही», «हे कागदपत्र पृष्ठ अमुकवर आहे», «हीच उणीव असलेल्या स्पर्धकाला पात्र ठरवले» ही विधाने टिकतात.

यशस्वी ठरलेल्या निविदाकाराला याचिकेत प्रतिवादी केलेच पाहिजे. त्याच्या अनुपस्थितीत त्याचे कंत्राट रद्द होत नाही. अंतरिम मागणी करताना संपूर्ण खरेदीला स्थगिती मागण्यापेक्षा, आपला आर्थिक लिफाफा उघडावा आणि दिला जाणारा आदेश याचिकेच्या निकालाच्या अधीन ठेवावा, अशी मर्यादित मागणी न्यायालयाला मान्य करणे सोपे जाते. पायाभूत सुविधांच्या कामांत तर स्थगिती मिळणे दुरापास्तच आहे: विशिष्ट अनुतोष अधिनियमात 2018 च्या दुरुस्तीने तसे निर्बंध आले आणि 2022 च्या एन. जी. प्रोजेक्ट्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा कामांना सहसा स्थगिती न देता गरज पडल्यास भरपाईचा विचार करावा असे सुचवले. हरल्यास खर्च बसू शकतो, ही गोष्टही वकिलाने आधीच सांगायला हवी. युफ्लेक्स विरुद्ध तमिळनाडू राज्य या प्रकरणात न्यायालयाने निविदांवरील व्यावसायिक खटल्यांत खर्च लादण्याची भूमिका स्पष्टपणे घेतली आहे. दोन-तीन लाखांच्या पुरवठ्यासाठी याचिका करणे, तत्त्व कितीही खरे असले तरी, हिशेबात बसत नाही. तेथे आक्षेपपत्र आणि पुढच्या निविदेची तयारी यावर थांबणे शहाणपणाचे.

विलंबाबद्दल एकच उदाहरण पुरे. निविदेच्या कायद्याचा पाया मानला जाणारा रमणा दयाराम शेट्टी हा 1979 चा निकाल मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेचा आहे. स्वतः घातलेला पात्रतेचा निकष प्राधिकरणाने पाळलाच पाहिजे आणि तो डावलून दिलेले कंत्राट चुकीचे होते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. तरीही याचिका पाच महिन्यांहून अधिक उशिराने आली आणि दरम्यान कंत्राटदाराने सुमारे सव्वा लाख रुपये खर्च केले होते, ही बाब लक्षात घेऊन दिलासा नाकारण्यात आला.

अपात्रतेसोबत काळ्या यादीची धमकी आली तर

कागदपत्र खोटे आहे असा ठपका ठेवून बयाणा रक्कम जप्त करणे किंवा काळ्या यादीत टाकणे ही केवळ अपात्रता राहत नाही, आणि दोन्हींचे नियमही एक नाहीत. निविदा नाकारताना आधी सुनावणी देणे सामान्यतः आवश्यक मानले जात नाही. काळ्या यादीत टाकण्यापूर्वी मात्र कारणे दाखवा नोटीस द्यावीच लागते, आणि त्या नोटिशीत काळ्या यादीची कारवाई प्रस्तावित आहे हे स्पष्ट दिसले पाहिजे, असे गोरखा सिक्युरिटी सर्व्हिसेस या 2014 च्या आणि यूएमसी टेक्नॉलॉजीज या 2020 च्या निकालांनी ठरवले आहे. ही नोटीस आली तर गेलेल्या निविदेचा विचार बाजूला ठेवून तिला मुदतीत, कागदोपत्री पुराव्यासह उत्तर द्यावे. जोडलेला अनुभवाचा दाखला ज्या संस्थेने दिला होता, तिच्याकडून तो खरा असल्याचे पत्र त्याच आठवड्यात मिळवावे आणि उत्तरासोबत जोडावे. पुढच्या प्रत्येक निविदेत «कोणत्याही शासकीय कार्यालयाने काळ्या यादीत टाकलेले नाही» असे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि अनुत्तरित राहिलेली एक नोटीस ते प्रतिज्ञापत्र करणे अशक्य करून ठेवते.